मराठवाड्यातून कोकण किनारा, दोघं जण आणि आपली गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशावर कोकणचा किनारा सलग दिसतो. प्रत्यक्षात त्याला थोड्या-थोड्या अंतराने खाडी आडवी येते आणि रस्ता तिथेच संपतो. पलीकडे जायचं तर फेरीबोट, नाहीतर लांबून वळसा. नांदेड, लातूर, बीड, परभणी, संभाजीनगरकडून निघणारे बहुतेक जण किलोमीटर मोजून बेत आखतात आणि पहिल्याच खाडीवर तो बेत कोलमडतो. खालची उत्तरं रत्नागिरी ते श्रीवर्धन या पट्ट्यापुरती आहेत. दोन माणसं, एक छोटी किंवा मध्यम गाडी आणि पाच-सहा दिवसांची सुट्टी असं धरून ती लिहिली आहेत.

अलिबागपासून मालवणपर्यंत सगळा किनारा एका फेरीत होईल का?

होईल, पण दिवसभर गाडीतच बसावं लागेल. घाटाखाली उतरल्यावर किनाऱ्याच्या रस्त्याने ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. रस्ता अरुंद, वळणं आंधळी आणि गावातून जाताना समोरून एसटी आली की एकाला मागे जावं लागतं. त्यामुळे एका फेरीत दोन, फार तर तीन खाड्या ओलांडायच्या. मालवण, तारकर्ली, देवगड, विजयदुर्ग हा दक्षिणेचा भाग वेगळा ठेवा. तो बघायला गगनबावड्याकडून नाहीतर फोंडा घाटाने उतरणं सोयीचं पडतं.

आमच्या जिल्ह्यातून कोणत्या घाटाने उतरावं?

पुण्यावरून ताम्हिणीने उतरायचं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लातूर, धाराशिव, नांदेडकरांसाठी तो उगाच वळसा आहे. त्यांच्या दारावरून रत्नागिरी–नागपूर महामार्ग जातो. लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे आंबा घाटाने थेट रत्नागिरी. लातूरहून हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नांदेडकरांनी त्यात आणखी १४० धरावेत.

संभाजीनगर, जालना आणि बीडच्या उत्तर भागातल्या लोकांना अहिल्यानगरमार्गे पुणे गाठावंच लागतं. तिथून लगेच ताम्हिणीकडे वळू नका. साताऱ्याच्या दिशेने जा, उंब्रजला उजवीकडे पाटणच्या रस्त्याला लागा आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरा. ताम्हिणी परतीला ठेवा. असं का, ते पुढच्या उत्तरात.

अलिबाग किंवा काशीदच करायचं असेल तर समृद्धी महामार्गाचा विचार करा. जून २०२५ पासून तो नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला आहे. तासन् तास एकाच वेगाने चालल्याने जुने टायर तिथे तापून फुटतात, तेव्हा टायरचं वय बघूनच त्या रस्त्याला लागा. पाच वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत दिसली तरी तज्ज्ञाला दाखवून घ्या.

किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेला जावं की उलट?

दक्षिणेकडून उत्तरेला. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि शेजारी बसणारं माणूसही डावीकडेच असतं. उत्तरेला तोंड केलं की समुद्रही डावीकडे येतो. म्हणजे शेजारच्याच्या खिडकीत सगळा किनारा, आणि थांबावंसं वाटलं तर समोरून येणारी वाहनं न अडवता डावीकडे बाजूला घेता येतं. उलट दिशेने गेलात तर दर वेळी रस्ता ओलांडून उजवीकडे वळावं लागतं, तेही वळणावर. रत्नागिरी ते गणपतीपुळे या आरे-वारेच्या रस्त्यावर हा फरक चांगलाच जाणवतो.

म्हणून लातूर-नांदेडकरांनी आंब्याने उतरून कुंभार्लीने चढावं आणि संभाजीनगर-जालनाकरांनी कुंभार्लीने उतरून ताम्हिणीने. दोघांचंही तोंड उत्तरेला राहतं आणि आलेल्या रस्त्याने परत जावं लागत नाही.

पाच मुक्कामांत बेत कसा बसवायचा?

लातूरकडून निघालात तर पहिला मुक्काम कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून दुपारपर्यंत रत्नागिरी, संध्याकाळी शहर आणि रत्नदुर्ग. तिसऱ्या दिवशी सकाळी आरे-वारेने गणपतीपुळे, मालगुंड, दुपारी जयगडची फेरीबोट आणि रात्री वेळणेश्वर किंवा गुहागर. चौथा दिवस तिथेच, गाडी न हलवता. हा मोकळा दिवस कापून दापोली आत घुसडायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरलात तर सहल दोघांची राहते, नाहीतर एक जण गाडी चालवतो आणि दुसरा नकाशा धरून बसतो. पाचव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली, कोयनानगर करून कराडला मुक्काम आणि सहाव्या दिवशी पंढरपूरवरून घर. सगळं मिळून अकराशे-बाराशे किलोमीटर होतं. गाडी लिटरला सोळा देत असेल तर सत्तर ते पंचाहत्तर लिटर पेट्रोल.

संभाजीनगरकडून निघालात तर पहिला मुक्काम सातारा किंवा कराड, दुसरा गुहागर, मग दाभोळची फेरीबोट ओलांडून दापोली-हर्णे भागात दोन रात्री, त्यानंतर वेसवी–बागमांडला फेरीबोटीने हरिहरेश्वर किंवा श्रीवर्धन. शेवटच्या दिवशी माणगाव, ताम्हिणी, पुणे. तो दिवस शनिवार-रविवार असू देऊ नका. माणगावच्या बाजारात गाड्या तुंबल्या की तास-दीड तास तिथेच जातो.

पहाटे निघून रात्रीपर्यंत थेट किनारा गाठता येईल का?

हातात दोन चालक असतील तरच. एकटा चालवणारा असेल तर घाट अंधारात आणि थकव्यात येतो, आणि घाटासाठी याहून वाईट वेळ नाही.

आणखी दोन गोष्टी मराठवाड्यातून निघणाऱ्यांनाच भोवतात. एक, तुम्ही पश्चिमेला चालला आहात. दुपारी चारनंतर सूर्य थेट काचेत येतो, आणि काच आतून मळकी असेल तर पुढचं काही दिसत नाही. निघण्याआधी पुढची काच आतल्या बाजूनेही पुसा. दोन, नोव्हेंबर ते मार्च हा ऊस गाळपाचा हंगाम. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी असेलच असं नाही. भरून बाहेर आलेला ऊस शेवटच्या पन्नास फुटांत दिसतो. म्हणून सकाळी पाचला निघा आणि सहा-साडेसहाला मुक्कामाला लागा.

घाट उतरताना ब्रेकचा करपट वास येतो. गाडीत बिघाड आहे का?

बहुतेक वेळा बिघाड गाडीत नसतो, चालवण्याची पद्धत चुकलेली असते. सपाट मुलखात गाडी चालवणाऱ्याला उतारावर चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून सोडत जायची सवय असते. त्याने ब्रेकचे पॅड तापतात, घर्षण कमी होतं आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी हवी तितकी थांबत नाही.

ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. आंबा आणि कुंभार्लीला हा बहुतेक ठिकाणी दुसरा, कुठे तिसरा. वेग इंजिन धरून ठेवतं, ब्रेक वळणाच्या आधी दाबून सोडायचा. क्लच दाबून किंवा गाडी न्यूट्रल करून उतरणं म्हणजे इंजिनचा आधार आपल्याच हाताने काढून टाकणं. ऑटोमॅटिक गाडीत दांडा एल किंवा मॅन्युअलवर घ्या, नुसत्या डीवर राहू नका.

वास आलाच तर रुंद जागा बघून वीस-पंचवीस मिनिटं थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. शक्य असेल तर थांबल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

अरुंद चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियमही तोच आहे आणि व्यवहारही. भरलेल्या गाडीला चढावर थांबून पुन्हा उचलणं अवघड जातं.

शेजारी बसणाऱ्याला घाटात मळमळतं. उपाय?

पुढे बसवा, नजर मोबाइलवर नको, लांबच्या वळणावर ठेवा. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. तेलकट वडा-मिसळ खाऊन घाट चढणाऱ्यांचेच हाल होतात. डॉक्टरांनी दिलेली मळमळीची गोळी घाट लागण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे चालवणाऱ्याने त्या अजिबात घेऊ नयेत. आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा चालतो.

फेरीबोटीत गाडी कशी चढवायची? भीती वाटते.

या पट्ट्यात कामाला येणाऱ्या फेरीबोटी चार: जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेसवी–बागमांडला आणि दिघी–आगरदांडा. यांना लोक जंगलजेट्टीही म्हणतात. दाभोळची सगळ्यांत जुनी, २००३ पासून सुरू आहे. तिने गुहागरहून दापोलीला जाताना चिपळूण-खेडचा वळसा वाचतो.

आधी खिडकीवर तिकीट काढायचं, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं. सुटे पैसे जवळ ठेवा, खाडीच्या तोंडाशी मोबाइलला रेंज असेलच असं नाही. बोट लागली की आतल्या गाड्या आधी उतरतात, मग तुमची रांग सुटते. शेजारच्या माणसाने धक्क्यावरच उतरून पायी चढावं, म्हणजे आत गाड्या चिकटून लागल्यावर दार उघडायची पंचाईत होत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, संथ पण न थांबता चढवायची. धक्का आणि बोटीचा लोखंडी उतार यांच्या सांध्यावर अर्धवट थांबलात तर पुन्हा उचलताना क्लच जळतो. तिथला माणूस हाताने खुणा करतो, आरशात न बघता त्याच्याकडे बघा. आत गेल्यावर इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला.

मोठ्या ओहोटीला पाणी खाली गेलेलं असतं आणि उतार तिरपा होतो. कमी उंचीच्या सेडानचा पुढचा बंपर किंवा खालचा भाग तिथे घासतो. बूटमध्ये जड सामान असेल तर मागची बाजू आणखी खाली बसते. अशा वेळी तास-दीड तास थांबून पाणी चढू देणं शहाणपणाचं. ओल्या उतारावर शेवाळ असतं, पायी चढणाऱ्यांनी गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नयेत.

शेवटच्या फेरीवर बेत टांगू नका. वारा, गर्दी किंवा दुरुस्तीमुळे फेरी रद्द होते, आणि मग रात्रीचा वळसा दोन-तीन तासांचा पडतो. दुपारी चारच्या आत खाडी ओलांडायची, असा नियम करून टाका.

भरती-ओहोटी कधी, हे आम्हा दुष्काळी भागातल्यांना कसं कळणार?

घरातल्या दिनदर्शिकेवरून. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दहाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी सव्वाबाराकडे. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकराला. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हेच गणित.

यात तासाभराची चूक धरायची. बेत आखायला ते पुरतं, खडकावर उतरायला पुरत नाही. तिथे स्थानिक माणसाला विचारा. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे पाणी सगळ्यांत जास्त चढतं आणि सगळ्यांत जास्त उतरतं. अष्टमीला हा फरक लहान असतो. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज धरू नका.

वाटेत काय बघावं आणि काय सोडलं तरी चालेल?

रत्नागिरीत थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० च्या सुमारास तयार झाला आणि राजा १९१६ मध्ये इथेच वारला. टिळकांचं जन्मस्थान आणि १९३१ मधलं पतितपावन मंदिर गावातच आहे. रत्नदुर्गावरून मावळतीला बंदर आणि दीपगृह एका नजरेत येतं.

आरे-वारेचा रस्ता हा या पट्ट्यातला सगळ्यांत देखणा तुकडा. रत्नागिरी ते गणपतीपुळे या वाटेने पंचवीसेक किलोमीटर, पण तास-सव्वा तास द्या. डोंगराच्या टोकावरून खाली दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) दिसतात तिथे गाड्यांची गर्दी होते. त्या वळणाच्या शंभर मीटर आधी रुंद जागा मिळाली की तिथेच लावून चालत जा. सकाळी नऊच्या आधी रस्ता जवळजवळ मोकळा असतो.

गणपतीपुळ्याचं मंदिर पश्चिमाभिमुख, मूर्ती स्वयंभू. प्रदक्षिणा मंदिराला न घालता पूर्ण टेकडीला घालायची असते, सुमारे एक किलोमीटर. दुपारी फरशी तापते आणि पाय अनवाणी असतात, म्हणून सकाळ साधा. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. १८६६ मध्ये जन्मलेल्या या कवीचं कौलारू घर नीट जपलेलं आहे. मराठी शाळेत शिकलेल्याने तिथे अर्धा तास घालवावा. जयगडच्या वाटेवर कऱ्हाटेश्वराचं मंदिर अगदी समुद्राच्या कड्यावर आहे. फेरीबोटीला वेळ असेल तर तिथे थांबा, नसेल तर किल्ला सोडा पण कऱ्हाटेश्वर सोडू नका.

तवसाळला उतरल्यावर हेदवीचा दशभुज गणेश, आणि समुद्राकडे बामणघळ. खडकाला पडलेल्या अरुंद भेगेत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. ती भरतीलाच बघायची, पण लांबून. ओल्या काळ्या खडकावर कडेला उभं राहून फोटो काढताना लोक वाहून गेले आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा नेमकी उलटी: ती पूर्ण ओहोटीलाच करायची. पायऱ्या उतरून खडकाच्या कडेने वाट जाते, आणि भरती सुरू झाली की लाटा त्या वाटेवर येतात. ओहोटीच्या वेळेआधी तासभर उतरायला लागा, म्हणजे परतताना पाठीमागून पाणी येत नाही.

गुहागरला व्याडेश्वर आणि सुरूच्या बनामागची लांबलचक पुळण. अंजनवेलला गोपाळगड आणि दीपगृह. दाभोळला उतरून लगेच दापोलीकडे धावू नका. चंडिकादेवीचं जमिनीखालचं गुहेतलं मंदिर आणि धक्क्याजवळची जुनी दगडी मशीद बघा. बहामनी काळात हे मोठं बंदर होतं. हर्ण्याला दुपारनंतर मासळीचा लिलाव चालतो. वास सहन होत असेल तर जरूर बघा, आणि चांगले बूट घालून जाऊ नका. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. वेळासला साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. घरट्यातून पिल्लं वर आली तरच, त्यामुळे एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नका. श्रीवर्धनहून दिवेआगरला जाताना शेखाडीची किनाऱ्यालगतची वाट धरा, आतली नको.

केळशी, दिवेआगर, कर्दे, मुरूड या पुळणी सुंदर आहेत, पण तिसरी पुळण झाल्यावर चौथी वेगळी वाटत नाही. एक निवडा आणि तिथे संध्याकाळ काढा.

पोहता येतं. समुद्रात उतरलं तर चालेल?

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना समुद्राचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो. विहिरीचं पाणी ओढत नाही आणि कड हाताशी असते. इथे परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. गणपतीपुळ्याला किनारा झटकन खोल होतो आणि दुर्घटनाही तिथे होतात, म्हणून तिथे घोट्यापर्यंतच. गुहागर, कर्दे, दिवेआगर त्या मानाने उथळ आहेत, तरी कमरेपुढे जाऊ नका. ओहोटी चालू असताना पाणी आत ओढतं. ओढलेच गेलात तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग वळा. दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हे वेगळं सांगायला नको.

वाळूवर गाडी नेऊन फोटो काढतात. आम्हीही न्यावी का?

नेऊ नका. पोलीस कारवाई करतात आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. ओली वाळू घट्ट वाटते, पण वळताना चाक कोरड्या वाळूत गेलं की रुततं. रुतल्यावर सगळे एकच करतात, रेस वाढवतात. चाक फिरतं, खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. फसलातच तर लगेच थांबा, पुढच्या चाकांसमोरची वाळू हाताने मोकळी करा, टायरची हवा सोळा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली नारळाच्या झावळ्या किंवा गाडीतले पायपुसणे घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उचला. भरती चढत असेल तर स्वतः खटपट न करता गावातला ट्रॅक्टर बोलवा, तेही लगेच.

राहायचं कुठे? लग्न झालेलं नसेल तर अडचण येते का?

वेळणेश्वर, गणपतीपुळे, हरिहरेश्वर इथे एमटीडीसीची निवासं आहेत. बाकी गावोगाव घरगुती सोय मिळते. दोघांसाठी आमची पसंती घरगुतीलाच, कारण जेवण त्याच घरातलं. फोनवर चार गोष्टी विचारा: गाडी अंगणापर्यंत येते का, वीज गेली तर पंखा चालतो का, संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का आणि जेवण किती वाजेपर्यंत सांगावं लागतं. "समुद्रालगत" म्हणजे चालत किती मिनिटं, हेही.

आधारकार्ड दोघांचंही मूळ प्रत लागतं. सज्ञान जोडप्याने एकत्र राहायला कायद्याची बंदी नाही, पण घरमालक नाही म्हणू शकतो. रात्री आठला दारात वाद घालण्यापेक्षा खोली घेतानाच फोनवर स्पष्ट विचारून ठेवा.

जेवणाचं काय? एकजण माळकरी आहे.

शाकाहाराची अडचण येत नाही. गणपतीपुळे, गुहागर, केळशी, दिवेआगर या गावांत शाकाहारी खाणावळी चांगल्या आहेत: वालाचं बिरडं, फणसाची भाजी, घावन, उकडीचे मोदक, सोलकढी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ मिळेल, ती सोडू नका. मोदक आणि उसळ आदल्या दिवशी सांगावी लागते. ज्वारीची भाकरी मात्र विसरा. तांदळाची मिळेल, आणि दोन दिवसांत ठेच्याची आठवण येईल, म्हणून बरणीभर घरून न्या.

मासे खाणाऱ्यांनी ताटाचा भाव विचारताना मासा कोणता आणि किती मोठा, हे आधी ठरवून घ्यावं. सुरमई आणि पापलेटचा भाव आकारावर असतो, बांगड्याचं ताट स्वस्त पडतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा मिळणारा मासा बराचसा साठवणीतला किंवा खाडीतला.

कोणता महिना बरा?

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे, नाहीतर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळा. गणपतीत आणि शिमग्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, महामार्ग भरतो आणि घरगुती खोल्या घरच्यांनाच पुरत नाहीत. पावसाळ्यात हिरवाई खरी, पण आपल्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या चौपटीच्या आसपास पाऊस तिथे चार महिन्यांत होतो. घाटात दरड येते, किल्ल्यांच्या बोटी बंद असतात, समुद्र खवळलेला असतो.

थंडीतही किनाऱ्यावर स्वेटर लागत नाही, घाटमाथ्यावर पहाटे लागतो. कोरड्या हवेची सवय असलेल्यांना मार्चपासूनचा दमटपणा जड जातो. घाम वाळत नाही आणि थकवा का आला ते कळत नाही. मिठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा, सुती कपडे दुप्पट न्या.

पेट्रोल, रोख पैसे, रस्ता दाखवणारा नकाशा?

रत्नागिरी, शृंगारतळी-गुहागर, दापोली, श्रीवर्धन इथे टाकी भरून घ्या. मधल्या खाड्यांच्या टापूत पंप विरळ आहेत. सीएनजीची गाडी असेल तरी पेट्रोलची टाकी निम्मी भरलेली असावी. पाच-सहा हजार रोख असू द्या. मोबाइलचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि त्यात "फेरी टाळा" हा पर्याय चालू आहे की बंद ते बघा. तो चालू राहिला तर नकाशा गुपचूप शंभर किलोमीटरचा वळसा दाखवतो. उलट बाजूने, वीस मिनिटं वाचवायला तो डोंगरातली जांभ्याची कच्ची वाटही दाखवतो. एसटी ज्या रस्त्याने जाते, त्याच रस्त्याने जायचं.

येताना हापूस आणायचा आहे. गाडीत टिकेल का?

एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत गेलात तर. पिकलेला घेऊ नका, कडक पण भरलेला घ्या. देठाजवळ खांदे वर आलेले असावेत आणि साल गुळगुळीत असावी. पेटी बागायतदाराकडून उघडून घ्या आणि खालचा थरही बघा. वरचा थर मोठ्या फळांचा आणि खाली बारीक, हा प्रकार जुनाच आहे. गाडीत पेटी बूटमध्ये नको, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. मे महिन्यात सोलापूरच्या पुढे बंद बूट भट्टीसारखा तापतो आणि आंबा आतून उकडतो, वरून मात्र चांगला दिसतो. जेवायला थांबताना गाडी सावलीत लावा आणि पेटीवर ओला कपडा टाकू नका, देठ कुजतो. घरी आल्यावर गवताच्या थरात पसरवा. चार-सहा दिवसांत पिकेल.

आमसूल, आगळ (कोकमाचा अर्क), आंबापोळी बाराही महिने मिळते. आगळाची बाटली पिशवीत बांधून उभी ठेवा. तिचा डाग सीटवरून जात नाही.

परत आल्यावर गाडीचं काही करावं लागतं का?

हो, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत. खारी हवा आणि फेरीबोटीवरचे शिंतोडे गाडीच्या खालच्या पत्र्यावर बसतात. नुसतं वरून धुऊन उपयोग नाही, रॅम्पवर चढवून खालून पाण्याचा जोर मारून घ्या, चाकांच्या कमानीत आणि सायलेन्सरच्या पट्ट्यांवर खास. धुतल्यावर दोन-चार किलोमीटर चालवून ब्रेक हलके दाबत वाळवा, नाहीतर डिस्कवर गंज धरतो. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, त्यात वाळू अडकलेली असेल तर काडीने काढा. एसीचा फिल्टर झटकून घ्या. घाटात ब्रेक तापले असतील तर पॅडची जाडी बघून घ्या, तीन मिलिमीटरच्या आत आली असेल तर बदला. हवा पुन्हा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यावर आणा, तीही टायर थंड असताना.